तिसरे वर्तुळ

मधुकर पांढरीपांडे कोणताही प्रस्ताव मांडू लागले की कागदावर प्रथम समोरच्या माणसाचे वर्तुळ काढत. स्वतःचे वर्तुळ सर्वांत शेवटी. पिवळ्या, रेघी कागदांचे एक पॅड त्यांच्या थंडीच्या कोटाच्या आतल्या खिशात नेहमी असे, आणि सुताराची असावी तशी कानामागे पेन्सिल. समोरच्याच्या वर्तुळात ते दोन गोष्टी लिहीत: त्याला काय हवे आहे, आणि त्याला काय मिळेल. या दोन ओळी पुऱ्या झाल्यावाचून त्यांची पेन्सिल पुढच्या वर्तुळाकडे सरकत नसे.

"गुरुजी, समोरच्याला काय मिळते हे ज्याला लिहिता येत नाही ना, त्यानं प्रस्ताव पाठवूच नये," असे ते म्हणत.

प्रस्ताव कशाचे, हे सांगितले तर वाचकांस नवल वाटेल. ते बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंच्या अदलाबदलीचे असत, आणि तेही कल्पित संघांतील. त्यांच्या कार्यालयातील आणि शेजारच्या दहा जणांनी मिळून एक लीग चालवली होती. संघ मनातले, खेळाडू मात्र खरे. खरा खेळाडू खऱ्या सामन्यात जे करील त्याचे गुण त्याच्या कल्पित मालकाला मिळत, आणि सगळ्याची नोंद एका संकेतस्थळावर राही. पांढरीपांडे या लीगचे संस्थापक आणि व्यवस्थापक. उतारवयात एखादा मनुष्य ज्या निष्ठेने जपमाळ हाती घेतो, त्या निष्ठेने ते हे करीत. हे मी उपहासाने म्हणत नाही. त्यांचा उपहास करण्याचा अधिकार मी केव्हाच गमावला आहे.

मी कऱ्हाडला संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलेला मनुष्य. पत्नी गेल्यानंतर माझ्या मुलाने, श्रीकांतने, मला मिनेसोटातील ईडन प्रेरी या गावी आपल्या घरी आणले. तो तेथे एका कंपनीत संगणकाच्या कामावर होता. घराखाली तळघर होते, चांगले उबदार. तेथे दर शनिवारी सकाळी मी स्तोत्रपाठ आणि थोडे वेदान्ताचे विवेचन करू लागलो. दहा-पंधरा मराठी कुटुंबांतील माणसे येत. पांढरीपांडे त्यांतलेच. मूळचे नागपूरचे, तीस वर्षांपूर्वी अभियंता म्हणून आलेले, विधुर. एकुलती मुलगी लग्न होऊन कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला गेलेली. तरुण मंडळी त्यांना काका म्हणत. कार्यालयात त्यांच्या आडनावाचा भार कोणाला पेलला नाही म्हणून ते तेथे 'पँडी' झाले होते. त्यांना त्याचे काही वाटत नसे. "आडनाव मोठं, माणूस लहान. कुठंतरी ॲडजस्ट करावंच लागते," ते म्हणत.

ते नेहमी मागे, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या खोलीच्या दाराशी बसत आणि विवेचन चालू असताना लिहीत असत. दुसरे कोणीच लिहीत नव्हते. शिक्षकाला लिहिणारा विद्यार्थी दिसला की तो भुलतो. तिसऱ्या शनिवारी मी त्यांना म्हणालो, "पाहू बरे, आपण काय टिपून घेता ते."

त्यांनी जरादेखील न लाजता पॅड पुढे केले. त्यावर तीन वर्तुळे होती, वर्तुळांत परकी नावे, आणि एकातून दुसऱ्यात जाणारे बाण.

"हे काय?"

"ट्रेड आहे गुरुजी. हा गोली, म्हणजे गोलरक्षक, यांच्याकडून निघाला की त्यांच्याकडे जाते. पण बदल्यात द्यायला त्यांच्याजवळ काही नाही. म्हणून मध्ये हा तिसरा आणला."

"आणि मी तासभर बोलत होतो ते?"

"ते ऐकलं ना बाप्पा," असे म्हणून त्यांनी माझे विवेचन क्रमाने, दृष्टान्तांसह म्हणून दाखवले. वर म्हणाले, "फक्त एक. मागच्या शनिवारी तुम्ही संन्यासाबद्दल याच्या उलट बोलले होते." त्यांचे खरे होते. पुढच्या शनिवारी मी चूक सुधारून सांगितली आणि तेव्हा मागे त्यांची पेन्सिल क्षणभर थांबलेली मी पाहिली.

"दोघांत अडलं की तिसरा आणा," हे त्यांचे आवडते वाक्य. ते खेळापुरते नव्हते. एकदा आमच्या मंडळींतील एका कुटुंबाला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि घराचा भाडेकरार संपायला आठ महिने होते. दुसऱ्या एका घरी आईवडील भारतातून आलेले, एका शय्यागृहात सहा माणसे. त्यांना पहिल्यांचे मोठे घर हवे होते, पण त्यांचाही स्वतःचा करार सुटत नव्हता. दोन्ही घरचे गृहस्थ प्रसादाची वाटी हातात धरून एकमेकांना सहानुभूती दाखवत उभे होते. पांढरीपांडे मध्ये गेले, पॅड काढले, दोन वर्तुळे काढली, थोडा वेळ पेन्सिल चावली आणि विचारले, "नागपूरची ती दोन पोरं मागच्या महिन्यात आली ना? कुठं राहून राहिली ती?" ती मोटेलमध्ये राहत होती. त्यांचे तिसरे वर्तुळ निघाले. लहान घरात ती मुले गेली, मोठ्या घरात आजी-आजोबा गेले, आणि पहिले कुटुंब मोकळे झाले. तिघांनीही पांढरीपांड्यांना जेवायला बोलावले. ते एकाहीकडे गेले नाहीत. "माझं वर्तुळ नव्हतंच त्यात," म्हणाले.

एक वर्ष असे आले की मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात खऱ्या हॉकीचा अख्खा हंगाम वाया गेला. गावातील माणसे सुतक असल्यासारखी वावरत. पांढरीपांडे मात्र उत्सुक होते. भांडण मिटले आणि नवा करारनामा निघाला, तेव्हा त्यांनी तो सबंध छापून, रंगीत खुणा लावून, एका जाड फायलीत बसवला आणि शनिवारी माझ्यापुढे ठेवला.

"गुरुजी, याला शास्त्र म्हणा."

त्या शास्त्राचा गाभा असा: प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर एकच कमाल मर्यादा. संघ श्रीमंत असो वा गरीब, त्या रेषेच्या वर कोणी जायचे नाही. त्यांनी आपल्या लीगलाही तोच नियम लावला. "पहिले काय होतं, ज्याच्याजवळ पैसा तो उचलून न्यायचा. आता चांगला खेळाडू हवा तर आपला कोणीतरी सोडावा लागते. सोडल्याशिवाय मिळत नाही. आता अक्कल लागते, गुरुजी."

मी सौजन्य म्हणून ती फाईल उघडली आणि अडकलो. नियम, नियमाचा अपवाद, अपवादाचाही अपवाद. अमुक दिवसांहून अधिक काळ जायबंदी असलेल्याचे वेतन धरायचे की नाही. मध्येच संघ बदललेल्याचे कोणी किती वाहायचे. ही रचना माझ्या ओळखीची होती. तारुण्यात गुरुगृही अशाच वाक्यांवर मी दिवसच्या दिवस काढले होते. मग दर शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्ही दोघे मागे राहू लागलो. ते थर्मासमधून चहा आणत, मी वरून सूनबाईने दिलेला शिरा किंवा चिवडा आणी, आणि तासभर हा अभ्यास चाले. असे तीन हिवाळे गेले. ज्याने जन्मात स्टिक हाती धरली नाही असा मी, कोणाचे वेतन कोणत्या संघात बसते आणि कोणत्या संघात मुळीच बसत नाही, हे तोंडी सांगू लागलो.

"हॉकीत तुम्ही आता माझे चेले," ते एकदा म्हणाले.

"मग नमस्कार मी करायला हवा."

"नको ना बाप्पा, पाप लागंल मला," असे म्हणून त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. आम्ही दोघेही हसलो.

त्यांचा शेजारी आर्नी हा निवृत्त मेकॅनिक. अंगाने धिप्पाड, बोलणे मोजके. पांढरीपांडे पहिल्या हिवाळ्यात भाड्याच्या घरात एकटे होते तेव्हा आर्नीने त्यांना न विचारता बर्फावर नेऊन उभे केले होते. ते पडले की उचलायचा आणि पुन्हा उभे करायचा. दोघांनी पुढे शेजारी शेजारी घरे घेतली. दर बर्फानंतर आर्नी आपले बर्फ उडवण्याचे यंत्र काढून स्वतःच्या अंगणातली मोटारीची वाट साफ करी आणि यंत्र बंद न करता तसाच पांढरीपांड्यांच्या वाटेवर शिरे. पंचवीस वर्षे हा क्रम होता. बदल्यात त्याला तर्री-पोहे मिळत. मधुकर हे नाव त्याला जमत नसे. तो त्यांना 'मॅडी' म्हणे.

एका फेब्रुवारीत त्या दोघांनी मला शाळेच्या मुलांचा सामना पाहायला उघड्या मैदानावर नेले. मी तीन शाली आणि वर श्रीकांतचा कोट अशा वेशात फळीवर बसलो होतो. ते दोघे समोरचा सामना सोडून आपल्या लीगमधल्या एका बचावपटूवरून अर्धा तास वाद घालत होते. शेवटी आर्नी माझ्याकडे वळून काही म्हणाला.

"विचारून राहिला, तुमच्या धर्मगुरूंचं काय मत आहे," पांढरीपांडे म्हणाले.

मी सांगितले की तो बचावपटू उत्तम आहे, परंतु आर्नीच्या संघाला तो परवडत नाही. त्याच्या वेतनात आर्नीला एक गोली आणि दोन धडधाकट तरुण मिळतील. हे भाषांतरित होताच आर्नी मोठ्याने हसला आणि त्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की शाल घसरली. "याला कळतं. मॅडी, याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं," तो म्हणाला. मला मनातून फार बरे वाटले, हे कबूल करतो.

श्रीकांतही एव्हाना लीगमध्ये आला होता. पांढरीपांड्यांनीच त्याला घेतले. आता जे सांगायचे ते त्याच्याविषयीही आहे आणि माझ्याविषयीही. म्हणून सावकाश सांगतो.

तिसऱ्या हिवाळ्यात आर्नीच्या गोलीचा घोटा मोडला. त्याला गोली हवा होता. श्रीकांतकडे दोन चांगले गोली होते, आणि त्याला हवा होता आर्नीचा तोच महाग बचावपटू. सरळ अदलाबदल होण्यासारखी नव्हती, कारण बचावपटूचे वेतन घेतले की श्रीकांतचा संघ मर्यादेच्या वर जात होता. दोघांत अडले होते. पांढरीपांड्यांनी तिसरे वर्तुळ काढले, आणि या वेळी ते त्यांचे स्वतःचे होते. श्रीकांतकडे एक जायबंदी, भरमसाट वेतनाचा खेळाडू नुसता जागा अडवून पडला होता. ते ओझे पांढरीपांडे स्वतःच्या संघात घेणार. त्यामुळे श्रीकांतला मर्यादेखाली जागा होणार. त्या जागेत आर्नीचा बचावपटू येणार. आर्नीला श्रीकांतचा गोली जाणार. आणि ओझे उचलल्याबद्दल पांढरीपांड्यांना श्रीकांतचा एक कोवळा, स्वस्त खेळाडू मिळणार. मी तो कागद पाहिला. इतकी स्वच्छ योजना मी त्या तीन वर्षांत पाहिली नव्हती.

अडचण एकच होती. संकेतस्थळाला एका वेळी दोनच संघांतला व्यवहार कळे. तिघांचा व्यवहार तुकड्यांनी करावा लागे. त्यात लीगचा नियम असा की प्रत्येक संघात सदैव दोन गोली हवेत, आणि श्रीकांतला बदली गोली सोमवारी मिळणार होता. म्हणजे शनिवारी पांढरीपांड्यांनी ओझे घ्यायचे, आर्नीने बचावपटू द्यायचा, आणि श्रीकांतने आपल्या वाट्याचे सोमवारी द्यायचे. तोवर दोघांच्याही हाती नावापुरते किरकोळ खेळाडू.

शनिवारचा वर्ग सुटला होता. तळघरातल्या टेबलाशी श्रीकांत, पांढरीपांडे आणि मी. आर्नी फोनवर होता. त्याचा आवाज सर्वांना ऐकू येत होता.

"सोमवारपर्यंत माझ्या हातात काहीच राहत नाही," तो म्हणाला. इतके इंग्रजी मला समजत होते. "ई-मेलवर दोन ओळी टाका. मग मी बटण दाबतो."

पांढरीपांड्यांनी फोनवर हात ठेवला. त्यांचा चेहरा अवघडला होता. माझ्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजींच्या घरी बसून, प्रसाद हातात असताना, घरच्या पोराकडून लिहून घ्यायचं? शोभते का हे?"

मी मान हलवली. मला त्यांचे म्हणणे योग्य वाटले, किंबहुना आवडले. या देशात सगळे लिहून घेतात, आपल्या माणसांत शब्द पुरतो, असे काहीसे माझ्या मनात आल्याचे स्मरते.

श्रीकांत म्हणाला, "डन, काका. सोमवारी संध्याकाळी गोली आर्नीकडे आणि तुमचा तो कोवळा पोरगा तुमच्याकडे. बाबा बसलेत ना समोर, अजून काय पाहिजे?"

पांढरीपांड्यांनी हात उचलला आणि फोनमध्ये म्हणाले, "आर्नी, त्याचा शब्द म्हणजे माझा शब्द." मग आर्नीने बटण दाबले.

रविवारी दुपारच्या खऱ्या सामन्यात श्रीकांतचा दुसरा गोली, जो तो ठेवणार होता तोच, पाय मुरगळून बाहेर गेला. म्हणजे आता आर्नीला द्यायचा गोली हाच श्रीकांतचा एकमेव आधार उरला. सोमवारी संध्याकाळी त्याने काहीच केले नाही. मंगळवारीही नाही. मी जेवताना विचारले.

"बाबा, सिच्युएशन चेंज झाली ना."

"तू शब्द दिला होतास."

"अहो, ती चर्चा होती. ॲक्सेप्ट दाबेपर्यंत काही फायनल नसतं. सगळे असंच खेळतात. आणि सीरियसली, बाबा, इट्स अ गेम." त्याने कोशिंबीर वाढून घेतली. त्या रात्रीच्या जेवणात दुसरा विषय निघाला आणि मी तो निघू दिला.

व्यवस्थापक या नात्याने पांढरीपांड्यांना सगळा व्यवहार उलटवता आला असता. तो अधिकार संकेतस्थळाने त्यांना दिलेला होता. "मी पक्षकार, आणि निवाडाही मीच करू?" असे ते श्रीकांतला फोनवर म्हणाल्याचे मी ऐकले. आर्नीची समजूत मात्र वेगळीच होऊ लागली होती. बचावपटू गेला श्रीकांतकडे. श्रीकांतचा होकार त्याने स्वतः ऐकलाच नव्हता; लिहून न घेता शब्दावर भागवले ते मॅडीने. लीगचा अधिकारी मॅडी, आणि तो काही करत नाही. दोघे एकाच देशाचे, एकाच देवघरात बसणारे. पंचवीस वर्षांच्या शेजाराचा हिशेब त्याच्या मनात उलटा मांडला जात होता, आणि मांडणी पाहणाऱ्याला ती तर्कशुद्धच दिसली असती.

गुरुवारी संध्याकाळी दोघे आमच्या दारात उभे राहिले. बुटांवर बर्फ होते. काढून आत या म्हटले तरी आर्नी पायपुसण्यावरच थांबला. श्रीकांत चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला होता.

पांढरीपांडे सोफ्याच्या कडेला टेकले. पॅड आणले नव्हते. मराठीत, अगदी सावकाश म्हणाले, "गुरुजी, दोघांत अडलं आहे. आर्नी म्हणतो, त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा शब्द मी मानीन. ते तिथं होते. त्यांना खेळही कळते. मला गोली नको, पोरगा नको. तुम्ही फक्त एवढं सांगा, शनिवारी श्रीकांतनं हो म्हटलं होतं की नाही. बस. माझ्या नावावर एवढा डाग नको राहू द्या."

मी श्रीकांतकडे पाहिले. ट्रे त्याच्या हातात तसाच होता. सातव्या वर्षी दुसऱ्या मुलाची पाटी घरी आणली होती तेव्हा तो असाच उभा राहिला होता. मी त्याच्या घरात राहत होतो, हे कारण नव्हे. त्या पाटीच्या वेळी मी त्याला त्या मुलाच्या घरी पाठवले होते, हे मला त्या क्षणी आठवले होते. म्हणजे विस्मृती हेही कारण नव्हे. आयुष्यभर मी सत्यावर बोलून दक्षिणा घेतली आहे. मला दुसरे कारण सापडत नाही. परक्या माणसासमोर मुलाची मान खाली जाऊ नये, एवढेच मला हवे होते.

मी म्हणालो, "मधुकरराव, मला त्या खेळातले काही कळत नाही."

हे खोटे आहे हे आम्हा तिघांना ठाऊक होते, आणि आर्नीला ते भाषांतर होताच कळणार होते. पांढरीपांड्यांनी माझ्याकडे पाहिले. मग ते आर्नीकडे वळले. भाषांतर त्यांनाच करायचे होते, दुसरे कोणी करणार नव्हते. त्यात ते एखादा शब्द बदलू शकले असते. श्रीकांतने दुरुस्त केले नसते, मला तर ते करताच आले नसते. त्यांनी माझे वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत सांगितले.

आर्नीने मला बराच वेळ न्याहाळले. मैदानावर माझ्या पाठीवर थाप मारलेला तो हात त्याने कोटाच्या खिशात घातला. "तुम्ही लोक एकमेकांना चांगलं सांभाळता," एवढे म्हणून तो दार उघडून गेला.

"चहा घ्या ना काका," श्रीकांत म्हणाला.

"नको रे. तो गाडीत थांबला असेल," पांढरीपांडे म्हणाले. आर्नी थांबला नव्हता. ते तीन मैल पायी गेले, हे नंतर कळले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या संघातला गोली, त्यांचा सर्वांत जुना आणि आवडता, मोबदला न मागता आर्नीला देऊ केला. आर्नीने नाकारला. त्यांनी पुन्हा पाठवला. संकेतस्थळावर हे सगळ्यांना दिसे. "काका वेडे झालेत," श्रीकांत सूनबाईला सांगत होता, "थर्ड टाइम गोली फुकट देतायत, आणि तो डिक्लाइन करतोय." त्याला हसू आले, पण ते पुरते बाहेर पडले नाही.

वसंतात श्रीकांत लीग जिंकला. चषक म्हणून जुन्या इंजिनाचा एक पिस्टन होता. तो आर्नीने अनेक वर्षांपूर्वी घासून, लाकडी बैठकीवर बसवून दिला होता. जिंकणाऱ्याकडे तो पोचवण्याचे काम व्यवस्थापकाचे. पांढरीपांड्यांनी तो लखलखीत पुसून आमच्या दारी आणून दिला, "अभिनंदन" म्हणाले आणि त्याच महिन्यात व्यवस्थापकपद सोडले. तो पिस्टन आमच्या तळघरात, मी ज्या भिंतीकडे पाठ करून विवेचनाला बसतो, तिच्यावरच्या फळीवर ठेवला गेला. हलवावा असे मी कोणाला सांगितले नाही.

पुढच्या हिवाळ्यात एकदा बर्फ थांबल्यावर सूनबाई मला डॉक्टरांकडे घेऊन जात असताना आमची गाडी त्यांच्या गल्लीतून गेली. आर्नी यंत्र चालवत होता. त्याची वाट स्वच्छ काळी दिसत होती. दोन घरांच्या मधल्या सीमेवर येताच त्याने यंत्र वळवले. तेथून पुढे बर्फाची भिंत गुडघाभर उंच, सुरीने कापल्यासारखी सरळ. तिच्या पलीकडे पांढरीपांडे फावड्याने बर्फ काढत होते, थोडे काढत आणि टेकून उभे राहत. दोघांत दहा पावलांचे अंतर होते.

या सगळ्या काळात त्यांनी माझा शनिवार चुकवला नाही. हेच मला सर्वांत जड गेले. ते येत, भट्टीच्या दाराशी बसत, हात मांडीवर ठेवून ऐकत. पॅड नसे, कानामागे पेन्सिलही नसे. वर्ग सुटल्यावर मी थांबे. ते म्हणत, "आज जरा काम आहे, गुरुजी." त्यांना काही काम नव्हते. मी एकदा विवेचनात मुद्दाम एक चूक केली, ते पूर्वीसारखे दाखवून देतील या आशेने. त्यांनी ऐकून घेतली.

जानेवारीत कोणीतरी म्हणाले की काकांनी घर विकले, ते आता मुलीकडे क्युपर्टिनोला जाणार. तिथे बर्फ नाही, बरे झाले. त्यांचा शेवटचा शनिवार मला त्यांनी सांगितला नव्हता, तरी मला कळला, कारण त्या दिवशी ते सर्वांत शेवटी उठले. मी प्रसादाची वाटी बाजूला ठेवली.

"मधुकरराव, त्या गुरुवारी मी..."

"प्रसाद द्या ना, गुरुजी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ज्या विषयात आता काही बसत नाही तो मिटवावा तसा होता. मी दिला. त्यांनी तो कागदी रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, जिथे पूर्वी पॅड असे. मग नेहमीप्रमाणे वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला. मला पाय मागे घ्यायचे होते. मागे भिंत होती.

ते जिना चढून गेले. वर दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

तळघराची खिडकी उंचावर, छताला लागून आणि बाहेरच्या जमिनीला टेकून आहे. तिच्यातून माणूस दिसत नाही, फक्त पायच दिसतात. थोड्या वेळाने त्यांचे बूट खिडकीसमोर आले. एकाची नाडी सुटली होती. बूट थांबले, एक उघडा, थंडीने लाल झालेला हात खाली आला आणि नाडी बांधू लागला. आणखी वीतभर वाकले असते तर मी त्यांना दिसलो असतो. ते वाकले नाहीत.

मी काचेसमोर हात जोडले आणि मान लववली. मान वर केली तेव्हा बूट पुढे निघून गेले होते.